आर्गॉन उशिरा आला

४ मार्च, मंगळवार

हबकलो आहे. दुपारपासून घरात येरझाऱ्या घालत होतो, शेवटी ही म्हणाली, "जे काय बोलायचंय ते एखाद्या वहीत बोला. माझे कान किटले." हिने पंचवीस वर्षं इस्पितळात नर्सची नोकरी केली, विव्हळणाऱ्या माणसांची सवय आहे, आणि तिचेही कान किटले म्हणजे मी फारच बोललो असेन. म्हणून वही उघडली.

झालं असं. कोष्टक मंडळाचं पत्र आलं. हे मंडळ काही वर्षांनी एकदा एक जाडजूड ग्रंथ काढतं. कुठल्या वायूच्या रेणूतले अणू एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत, ते तोडायला किती ऊर्जा लागते, याचे आकडे त्यात असतात. भट्टीवाला असो की रॉकेटवाला, अडलं की तोच ग्रंथ उघडतो. त्यात आमच्या वायूसमोर माझा आकडा आहे, साडेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट. पण शेजारी 'तात्पुरता' असा शिक्का. यंदा नवी आवृत्ती निघतेय आणि तो शिक्का उठणार होता. जूनमध्ये मी निवृत्त होतोय, प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवून घरी येणार. त्याआधी एवढं व्हावं, बाकी काही मागितलं नव्हतं कुणाकडे.

दोन परीक्षक असतात. त्यांना माझं नाव सांगत नाहीत, मला त्यांचं सांगत नाहीत. पहिल्या भल्या माणसानं दोन ओळींत होकार दिला. दुसऱ्यानं, ज्याला मी इथून पुढे निनावी म्हणणार, शंका काढली आहे. 'संदर्भासाठीचा आर्गॉन आणि नमुना वायू एकाच वेळी यंत्रात सोडले होते का? नसल्यास आकडा फुगलेला असू शकतो. कृपया एकत्र मोजून पाहावे.'

एकत्र. माझ्या प्रयोगशाळेत. आर्गॉनच्या ताटात दुसरा वायू कधी जेवलेला नाही, आणि हा मला विचारतो.

६ मार्च

कालचा दिवस रागात गेला, लिहिण्याजोगं काही नाही. आज निर्वात पंप बघणाऱ्या मेकॅनिकला निनावीचं पत्र वाचून दाखवलं. त्याला आम्ही गळतीमास्तर म्हणतो, कारण कुठलंही दुखणं सांगा, त्याचं एकच निदान, कुठेतरी गळतंय. पत्र ऐकून म्हणाला, "सर, त्यांच्याच यंत्रात गळती असणार." पहिल्यांदाच त्याचं निदान मला पटलं.

९ मार्च, रविवार

साडू आणि मेव्हणी जेवायला. साडूंचं फरशांचं दुकान आहे. भात वाढून घेता घेता विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं तिथे नेमकं करता तरी काय?" हे नवं नाही, दर भेटीत विचारतात. पण आज मला सांगायचीच खुमखुमी होती.

म्हटलं, एक पोलादी भांडं घ्यायचं, त्यातली हवासुद्धा उपसून काढायची. मग आपला वायू सोडायचा, अगदी चिमूटभर. त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा. आधी हलका, मग नॉब फिरवत जोर वाढवत न्यायचा. एका ठरावीक जोराला रेणू फुटतो आणि त्याचा तुकडा चुंबकाच्या वाटेनं वळसा घेऊन पलीकडे येऊन पडतो, सुई हलते. सुई पहिल्यांदा हलली तेव्हा जोर मोजणारं मीटर काय सांगत होतं ते टिपायचं. त्यातून तुकड्याच्या अंगावर विद्युतभार चढवायचा खर्च वजा केला, की अणूंची एकमेकांवरची पकड किती ते उरतं.

साडू म्हणाले, "म्हणजे फरशी फोडून फरशीची मजबुती सांगता. गिऱ्हाईक काय घेऊन जाणार?" मेव्हणी हसली. हीसुद्धा हसली, ते मी पाहिलं.

तरी मी सांगितलंच. मीटर खरं बोलतंय कशावरून? तर आर्गॉनचा आकडा साऱ्या जगाला ठाऊक आहे. रोज सकाळी स्वच्छ भांड्यात आधी एकटा आर्गॉन सोडायचा. तो आपल्या आकड्यावर उगवला की मीटर खरं. मग आर्गॉन उपसायचा आणि आपला वायू घ्यायचा. हा आमचा वायू फ्लोरिनवाला, खवट स्वभावाचा, ज्याला शिवेल त्याला डाग पाडतो. म्हणून त्याचं काम झालं की भांडं तापत ठेवायचं, सगळा थर जाळून काढायचा, की दुसऱ्या सकाळी आर्गॉनला भांडं पुन्हा लख्ख. ही शिस्त मी घालून दिली आणि एक दिवस मोडलेली नाही.

संध्याकाळी भिंगरीचा फोन. लेकीचं हे नाव मीच ठेवलं, लहानपणी एका जागी टिकायची नाही. आता दुसऱ्या शहरात तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे, पण शिकली माझ्याच हाताखाली, याच यंत्रावर. तिला निनावीचं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "बाबा, एकदा दोन्ही एकत्र सोडून बघायला काय हरकत आहे?"

म्हटलं, "तुलाही त्या निनावीचा वारा लागला की काय?"

"तसं नाही. करून बघितलं तर विषय संपेल ना."

म्हटलं, ज्यानं कोणी शंका काढली त्यानं माझी शिस्त पाहिलेली नाही. तू पाहिली आहेस. तू तरी असं बोलू नकोस. त्यावर म्हणाली, "आईला द्या फोन."

१६ मार्च, रविवार

निनावीला द्यायचं उत्तर तयार झालं. आठवडाभर घासूनपुसून लिहिलंय. एकत्र सोडले तर दोन वायूंचे तुकडे एकमेकांत मिसळतील, मापन गढूळ होईल, वगैरे सगळे मुद्दे आहेतच. पण शेवटचं वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की भिंगरीचा फोन येताच आधी तेच वाचलं. 'सदर परीक्षकाला मापनाचे शास्त्र ज्या कोणी शिकवले असेल, त्या शिक्षकाला आज स्वतःची लाज वाटली असती.'

वाचताना मला हसू आवरेना. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं म्हणून.

भिंगरी म्हणाली, "हे वाक्य ठेवणार आहात तुम्ही?"

"अर्थात ठेवणार. का, लागेल म्हणतेस त्याला?"

"लागेल."

"लागू दे की. त्याशिवाय अक्कल येत नाही."

"बरं," म्हणाली. मनानं हळवी आहे पोरगी, अनोळखी माणसाचंही तिला वाईट वाटतं. आईवर गेलीय.

१८ मार्च

उत्तर काल रवाना केलं. डोक्यावरचं ओझं उतरलं. ही दोन दिवस तुटक वागतेय. विचारलं तर म्हणते काही नाही. तिला वर्षातून एकदोनदा असं होतं.

२३ मार्च, रविवार

भिंगरीचा फोन नाही. मीच केला. म्हणाली डोकं दुखतंय. म्हटलं चष्म्याचा नंबर तपासून घे. म्हणाली घेते. त्या निनावीचं काय झालं हेसुद्धा विचारलं नाही, एवढं दुखत असणार.

२ एप्रिल

सुन्न झालोय, पण आनंदानं. मंडळाचं पत्र. दुसऱ्या परीक्षकानं आक्षेप मागे घेतला. 'लेखकाचे स्पष्टीकरण समाधानकारक आहे. आकडा योग्य आहे.' एवढंच. साडेतीन पक्का. 'तात्पुरता' गेला.

खोटं का बोला, डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत या क्षणाची मनात शंभर वेळा तालीम केली होती, त्यात मी नेहमी शांत असायचो. प्रत्यक्षात गळतीमास्तरला मिठी मारली, त्याच्या अंगाचं सगळं तेल माझ्या शर्टाला. तो बिचारा विचारत राहिला, "काय सर, गळती सापडली का?"

घरी येऊन हिला सांगितलं. ती कणीक मळत होती. "बरं झालं," म्हणाली आणि मळत राहिली. माणसानं किती थंड असावं. भिंगरीला फोन लावला. "अभिनंदन बाबा," म्हणाली. आवाज बसलेला वाटला. म्हटलं, बघ, एक सणसणीत बसली आणि महाशय सुतासारखे सरळ झाले. ती म्हणाली, "बाबा, मी नंतर बोलू का?"

हल्लीची मुलं कामाला जुंपलेली असतात. आनंदालाही वेळ नाही.

८ एप्रिल

आज एक विचार आला. मंडळानं पक्क्या आकड्यासोबत छोटी टीप मागितली आहे. त्या टिपेत एक ओळ टाकावी, की परीक्षकाच्या सूचनेप्रमाणे दोन्ही वायू एकत्र सोडूनही पाहिले आणि काही फरक पडला नाही. हलवून खुंटा बळकट. निनावीच्या तोंडाला कायमचं कुलूप. गळतीमास्तरला दुसरी नळी जोडायला सांगितली. तो म्हणाला, "दोन वायू एकत्र? तुम्ही? तब्येत बरी आहे ना सर?"

१० एप्रिल

आर्गॉन उशिरा आला.

हे वाक्य लिहून पाचेक मिनिटं बघत बसलो होतो. सकाळी नेहमीसारखा एकटा आर्गॉन घेतला. बरोबर आपल्या आकड्यावर उगवला. तो तसाच ठेवून आमचा वायू सोडला, थोडा वेळ जाऊ दिला, आणि आर्गॉन पुन्हा पाहिला. नेहमीच्या जागी सुई ढिम्म. नॉब फिरवत पुढे गेलो, तरी ढिम्म. तेव्हा कुठे, चांगला शून्य पूर्णांक चार पुढे गेल्यावर, सुई हलली.

आर्गॉन बदलत नाही. आर्गॉन म्हणजे आर्गॉन. म्हणजे मीटर बदललं. म्हणजे आमचा वायू आत असला की मीटर जास्त सांगतं.

गळतीमास्तर म्हणाला, "गळती असेल." मी म्हटलं, देव करो नि असो.

११ एप्रिल

गळती नाही. त्यानं प्रत्येक जोड तपासला. इलेक्ट्रॉन सोडणारा तंतू नवा बसवला. आर्गॉन पुन्हा उशिरा.

१४ एप्रिल

आता लपवण्यात अर्थ नाही, निदान वहीपाशी तरी.

आमचा वायू भांड्याच्या भिंतींवर पातळ थर धरतो. त्या थरामुळे इलेक्ट्रॉन मीटर सांगतं त्याहून अंमळ कमी जोरानं पोचतात. मीटर आपलं भाबडेपणानं मोठा आकडा दाखवत राहतं. आणि मी काय करत होतो? वायूचं काम संपलं की थर जाळून टाकत होतो, भांडं लख्ख करत होतो, आणि मग त्या लख्ख भांड्यात आर्गॉनला विचारत होतो, बाबा रे, मीटर खरं बोलतंय ना? तो म्हणायचा हो. का नाही म्हणेल? त्याच्या वेळी ते खरंच बोलत असायचं.

आळशी माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. भांडं न धुता दुसऱ्या सकाळी आर्गॉन सोडला असता तर पहिल्याच आठवड्यात बिंग फुटलं असतं. माझ्या टापटिपीनं मला बुडवलं. शून्य पूर्णांक चार वजा केले की आकडा येतो तीन पूर्णांक एक. साडेतीन कधी नव्हताच. तो घेऊन लोकांनी हिशोब केले, मी भाषणं केली, शाली घेतल्या.

राग कुणावर काढावा ते कळत नाही.

१५ एप्रिल

हे कसं लिहू.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. ही दुधी चिरत होती. ऐकताना सुरी थांबली नाही. मी म्हटलं, त्या निनावीचं बरोबर होतं. अक्षरन् अक्षर बरोबर होतं. पण मला एक कळत नाही, मग त्यानं माघार का घेतली? बरोबर असताना? मी एका वाक्यानं झापलं तर शेपूट घालून 'योग्य आहे' लिहून मोकळा. कणा नाही माणसाला. असल्या बिनकण्याच्या माणसांमुळेच चुकीचे आकडे ग्रंथात जातात.

तिनं सुरी खाली ठेवली.

"पुरे करा आता," म्हणाली. "भिंगरी आहे ती."

मी विचारलं, "कोण भिंगरी आहे?"

"तुमचा निनावी. तिला मंडळानं दोन वर्षांपूर्वी परीक्षक नेमलंय. तुम्हाला सांगायची मनाई असते म्हणून बोलली नव्हती. नाव झाकलेलं होतं, पण पहिल्याच पानावर यंत्र ओळखलं तिनं. भांडं तापवायची ती पद्धत जगात दुसरं कोण वापरतं?"

मी ओट्याला टेकलो.

"तुला केव्हापासून माहीत?"

"तुम्ही ते वाक्य हसत हसत वाचून दाखवलंत ना, त्या रविवारी. तुम्ही फिरायला गेलात आणि तिचा मला फोन आला. बोलता येत नव्हतं तिला. मी परिचारिका आहे हो, रडणं ऐकून मला दुखणं कळतं. मी शपथ घेतली होती तिची, सांगणार नाही म्हणून. आज मोडली. तुम्ही तिला बिनकण्याची म्हणालात, ते मला ऐकवलं नाही."

शिकवलं मी तिला. ज्या कोणी शिकवले असेल त्या शिक्षकाला. मीच तो. आणि तिनं विचारलं होतं, हे वाक्य ठेवणार आहात? लागेल, असंही म्हणाली होती. मी म्हटलं, लागू दे की.

१६ एप्रिल

प्रयोगशाळेत गेलो नाही. भिंगरीला फोन केला, उचलला नाही. परत केला, उचलला नाही.

१७ एप्रिल

मंडळाच्या चिटणीसबाईंना फोन लावला. म्हटलं, माझा साडेतीनचा आकडा छापू नका, तो चुकीचा आहे, मागे घेतो. त्या गोंधळल्या. "पण सर, तो तर पक्का झालाय. दोन्ही परीक्षकांनी मान्य केलाय." म्हटलं, लेखक मान्य करत नाही. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच ऐकतेय, तुमचा मोठेपणा आहे.

मोठेपणा म्हणे. लेखी पत्रही दिलं. संध्याकाळी, का कोण जाणे, थोडं हलकं वाटलं. वाटलं, चला, चूक झाली ती निस्तरली. आता भिंगरीला सांगितलं की तिलाही बरं वाटेल.

२० एप्रिल, रविवार

आज तिनं फोन उचलला. मी आधी सांगून टाकलं, दोन्ही एकत्र सोडले, आर्गॉन उशिरा आला, तुझंच खरं होतं, आकडा मागे घेतलाय.

"आईनं सांगितलं," म्हणाली.

मग मी त्या वाक्याबद्दल बोलू लागलो. मला धड बोलता आलं नाही. चूक झाली, एवढंच चारचारदा म्हणत राहिलो. ती म्हणाली, "बाबा, ते वाक्य राहू दे. ते मला लागलं, मी रडले, झालं. त्याचं काही नाही."

मी विचारलं, "मग तू ठाम का राहिली नाहीस? तुला तर माहीत होतं."

"माहीत होतं. माझ्याकडच्या यंत्रावर मोजूनसुद्धा पाहिलं होतं. खरं तर यंत्र ओळखलं तेव्हाच मंडळाला कळवायला हवं होतं, की हे माझे वडील आहेत, दुसरा माणूस बघा. पण म्हटलं, दुसऱ्याच्या नजरेतून सुटलं आणि छापून आलं तर उद्या कुणीतरी चारचौघांत तुम्हाला दाखवून देईल. त्यापेक्षा मी हळूच सांगते. आणि मग तुम्ही फोनवर वाचायला लागलात. किती खूश होतात तुम्ही. इतके हसताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, एक आकडा तर आहे. माझ्या बाबांना हसत घरी जाऊ दे."

मी म्हटलं, "अगं, पण आता ते मिटलं. मी मागे घेतला ना."

ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही तुमचा आकडा मागे घेतलात बाबा. तुमची चूक नकळत झाली होती, तुम्ही मोकळे झालात. मी चुकीचं आहे हे माहीत असताना 'योग्य आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली. ती मी कुठे मागे घेऊ?"

हिनं माझ्या हातातून फोन घेतला.

जन्मभर पोरीला एकच शिकवलं, सुई जे दाखवते तेच लिहायचं, बापाला आवडेल म्हणून नाही. आणि पहिलं खोटं तिनं लिहिलं ते बापासाठी. ते मी तिच्याकडून लिहवून घेतलं, वर हसलो. आकडा चुकल्याचं दुःख आता कुठल्या कुठे गेलंय. हे जात नाही.

३ मे

हिच्याकडून कळलं. भिंगरीनं मंडळाला स्वतः होऊन सगळं कळवलं. लेखक वडील आहेत हे माहीत होतं, आकडा चुकीचा आहे हेही माहीत होतं, तरी मान्य केला. मंडळानं तिचं नाव परीक्षकांतून काढलं. एवढ्यावर थांबलं नाही. आजवर तिनं तपासलेला प्रत्येक आकडा आता दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घेणार आहेत.

मी उठून चिटणीसबाईंना फोन लावायला निघालो. तिची काही चूक नाही, सगळं माझ्यामुळे, असं सांगणार होतो. हिनं विचारलं, "काय सांगणार? तिनं सही केली नव्हती म्हणून?"

फोन ठेवला. मला म्हणाले मोठेपणा, आणि तिला ही शिक्षा. दोघांच्या चुकीत जास्त मोठी कुणाची हे मंडळाला ठाऊक नाही. मला आहे.

११ मे, रविवार

फोन नाही. मीही केला नाही. काय बोलणार.

१७ मे, शनिवार

आज सुट्टी, तरी मी प्रयोगशाळेत गेलो होतो. जूनच्या आधी कपाटं आवरायची आहेत. दार वाजलं म्हणून पाहिलं तर भिंगरी, खांद्याला पिशवी. वाळलीय. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "यंत्र चालू आहे ना? मला ते एकत्र मोजायचंय. याच यंत्रावर." मी म्हटलं, चहा तरी घे. म्हणाली नंतर.

दोन्ही वायू सोडले. मी मीटरसमोरच्या खुर्चीत बसलो, ती टेबलाशी कागद घेऊन. पूर्वी असंच बसायचो. ती शिकत होती तेव्हा आकडा माझ्या तोंडातून निघायचा अवकाश, तिचं लिहून व्हायचं. कधी मान वर करायची नाही.

आर्गॉन उगवला. मी आकडा वाचला. पेन हललं नाही.

"परत वाचा."

परत वाचला.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा वाचला. तोच होता. तिनं पेन खाली ठेवलं, उठून आली, मला म्हणाली, "जरा सरका," आणि वाकून मीटर स्वतः पाहिलं. मग जाऊन लिहिलं. दुसऱ्या आकड्याला तसंच. तिसऱ्याला तसंच. मुद्दाम करत नव्हती, चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं बघून घेत होती, एखाद्या परक्या माणसानं वाचलेला आकडा बघून घ्यावा तसं.

लागलं मला. फार लागलं. ओठांवर आलं होतं, अगं, मी वाचतोय ना. गिळलं. तिचं बरोबर होतं, असंच करायला हवं, असंच करायला मी तिला शिकवायला हवं होतं.

चौथ्या आकड्याला ती टेबलापासून उठायच्या आधीच मी खुर्ची सोडली.